रोवणीतली रशियावाली

माझ्या बायकोला रोवणी, म्हणजे भाताची लावणी, येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तिचं कौतुक निघालं तर मी बायकोचा भाट आहे असं कुणाला वाटायला नको. रुचिका भंडाऱ्यात वाढलेली, इंग्रजीत एम.ए. झालेली. तिने रोवलेले निम्मे पऱ्हे, भाताची ती कोवळी रोपं, पाण्यावर तरंगतात, आणि उरलेले बगळ्याने नुसती चोच लावली तरी आडवे होतात. पण मागच्या वर्षी आमची रोवणी अख्ख्या करडी गावात सगळ्यांच्या आधी उरकायला आली ती तिच्यामुळे, आणि ऐन शेवटी अडली तीही तिच्यामुळेच.

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे बायांचा काय भाव असतो, ते बाहेरच्याला कळायचं नाही. सगळ्यांचे पऱ्हे एकदमच तयार होतात, सगळ्यांच्या बांध्या, भाताची खाचरं, एकदमच चिखलून होतात, आणि गावात बाया तेवढ्याच. आमच्याकडची नावाजलेली टोळी शकुनबाईची. तिचा मोबाइल त्या दिवसांत आमदारापेक्षा जास्त वाजतो. गावातल्या बड्या शेतकऱ्याने, लिलाधरने, तर बायांना आणायला पिकअप ठेवली होती, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गाण्यांचा स्पीकर. आमच्याकडे काय होतं? माझी आई रुखमिणी, आणि तिचं तोंड. त्या तोंडाला घाबरून बाया एक दिवस यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाठ दाखवायच्या.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी रुचिकाने हट्टाने रांगेत उभं राहायचं ठरवलं. रोवणारी बाई मागे मागे सरकत जाते. सगळ्या बाया सरसर मागे गेल्या आणि ही पुढेच अडकली. दोन्ही बाजूंना हिरवंगार रोवलेलं, मध्ये रिकाम्या पट्ट्यात ही एकटी, साडीला चिखल, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. मी पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होतो. मला हसू आवरेना.

"काहून वं," शकुनबाई म्हणाली, "तुह्या त्या जाड्या पुस्तकात रोवणी नसते का?"

रुचिकाच्या त्या जाड्या पुस्तकाची गावात कीर्ती होती. लग्नात तिने माहेराहून आणलेल्या पेटीत साड्या थोड्या आणि पुस्तकं फार. सगळी जुन्या रशियातल्या मोठमोठ्या लेखकांची, इंग्रजीत आणलेली. त्या दिवसांत ती एक विटेएवढी कादंबरी दुसऱ्यांदा वाचत होती. आई म्हणायची, एवढ्या जाडीत माणसानं दोन गावं वसवली असती.

"असते काकी," रुचिका म्हणाली, "पण तिथं गहू असतो. आणि बर्फ."

"मंग सांग ना. का करतेत थे लोकं बर्फात?"

चिडवायलाच विचारलं होतं. पण रुचिकाला कुणी पुस्तकाबद्दल विचारलं की झालं. तिने सुरुवात केली, आणि त्या दिवशी बांधी संपेपर्यंत ती थांबली नाही.

गोष्ट एका मोठ्या घरच्या मुलीची. नाव ग्लाफिरा. ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून दुसऱ्याच ओळीत तिची 'रशियावाली' झाली. घर बुडत चाललेलं, म्हणून बापाने तिला एका म्हाताऱ्या साहेबाला दिलं. तो साहेब तिला लहान मुलीसकट थंडीतल्या लांबच्या गावी नदीकाठच्या घरात ठेवून स्वतः राजधानीत मजा मारायचा. नदीपलीकडे एक डॉक्टर राहायचा. त्याचा हिच्यावर जीव, हिचा त्याच्यावर, आणि दोघंही इतकी सज्जन की एकमेकांना चहा पाजण्यापलीकडे काही करत नव्हती. मला स्वतःला त्या डॉक्टरचा फार राग यायचा. माणसाने बोलून टाकावं.

रांग लांब. टोकाच्या बायांना ऐकू जायचं नाही. मग मधोमध वाकलेली शकुनबाई प्रत्येक वाक्य आपल्या बोलीत पुढे पोचवायची. म्हणजे कुणा साहेबाने रशियनमधून इंग्रजीत आणलेली गोष्ट रुचिका मराठीत आणायची, आणि शकुनबाई ती चिखलात आणायची. रुचिकाने बर्फ सांगितला की शकुनबाई ओरडायची, "फ्रीजच्या वरच्या खणात जमते ना, तसं साऱ्या गावभर!" रुचिका तोटी असलेल्या चहाच्या पितळी भांड्याचं वर्णन करायची, तर ही सांगायची, "भंडाऱ्याच्या पितळेच्या दुकानात नवरीसाठी घेतेत तसला हंडा, त्याले नळ!"

एकदा तर रांगच थांबली. रुचिकाने सांगितलं की तिकडेही नावाच्या मधात बापाचं नाव लावतात.

"म्हंजे आपल्यावानीच," टोकाची सत्यभामा खूश झाली.

"पण लग्नानंतरही बापाचंच राहतं," रुचिका म्हणाली. "नवऱ्याचं नाव मधे येत नाही."

सगळ्या बायांनी एकदम कंबर सरळ केली. बापाचंच? मरेपर्यंत? यावर एवढी चर्चा झाली की शेवटी आईला धुऱ्यावरून ओरडावं लागलं. मग पुन्हा हात चालू झाले, पण त्या दिवसापासून रशियावाली सगळ्यांची सख्खी झाली.

दुसऱ्या दिवशी लिलाधरची पिकअप रिकामी परत गेली. तिसऱ्या दिवशीही. बाया सकाळी सकाळी आपणहून आमच्या बांधीत हजर. आईने आयुष्यात पुस्तकाला हात लावला नव्हता, पण धंद्याचं गणित तिला लगेच कळलं. तिने रुचिकाला बाजूला घेऊन बजावलं, "एका बांधीले एकच भाग. आजच्या आज तिले त्या डॉक्टरसंगं पळवून लावू नोको." आणि स्वतः धुऱ्यावर छत्री घेऊन बसायची, पाण्यावर लक्ष ठेवते असं दाखवत. लक्ष कुठे असायचं ते मला दिसत होतं. रशियावालीला खोकला सुरू झाला त्या दिवशी पाणी बाजूच्या बांधीत फुटून गेलं तरी हिला पत्ता नाही.

असं करता करता एकच बांधी उरली. बोडीच्या, आमच्या लहान तळ्याच्या, खालची, सगळ्यांत मोठी. पऱ्हे खोदून पेंड्या टाकून झालेल्या. उद्यापासून शकुनबाईची टोळी लिलाधरकडे जाणार, तसा तिने शब्द दिलेला. आज झाली तर झाली, नाही तर पुढे बाया कधी मिळतील देव जाणे, आणि तोवर पेंड्या पिवळ्या पडणार.

सकाळी चहा गाळता गाळता आईने विचारलं, "आता किती राह्यली वं गोष्ट?"

"शेवटचाच भाग," रुचिका म्हणाली. "ती मरते, आई."

आईचा हात थांबला. "मरते? कायले?"

"नदीवरचा बर्फ फुटतो. डॉक्टरला नदी ओलांडता येत नाही."

"तं ओलांडू दे त्याले. तुह्या बापाचं का जाते?"

"पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक का बायांनी वाचलं हाये?"

"मी वाचलंय ना," रुचिका म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती हलणार नाही हे मला कळलं. दीड वर्षाच्या संसारात मी तो आवाज ओळखायला शिकलो होतो.

आईची भीती खरी होती. आमच्या गावात मयत झाली की रोवणी थांबते. अर्धी ओळ तशीच सोडून बाया बाहेर येतात, हातपाय धुतात आणि घरी जातात. त्या दिवशी मग कुणी बांधीत उतरत नाही.

"अवं आई, पन ते पुस्तकातली हाये," मी म्हणालो.

"तू चूप राह्य. तुले का समजते."

शेवटी तडजोड झाली. खोटं सांगायचं नाही, पण बांधी पूर्ण झाल्याशिवाय शेवटही सांगायचा नाही. रुचिकाने मान डोलावली.

दुपारपर्यंत तिने काय काय ताणलं म्हणता! बाग सांगितली, बागेतली झाडं सांगितली, झाडांखालचे बाक सांगितले. साहेबाच्या मावशीचं एक लग्न सांगितलं, जे त्या पुस्तकात होतं की नव्हतं याची मला आजही शंका आहे. बाया गप्प होत गेल्या. निम्मी बांधी हिरवी झाली होती. निम्म्या बांधीत नुसतं ढगांचं आभाळ पडलेलं.

अचानक शकुनबाई उभी राहिली. हातातली पेंडी तशीच.

"पोरी, झाडं राहू दे. मले खरं सांग. वाचली का नाही थे?"

रुचिकाला "बांधी झाल्यावर सांगते काकी" एवढं म्हणणं कठीण नव्हतं. पण शकुनबाईचा चेहरा पाहून तिला ते म्हणवेना. दवाखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला थोडं थांब म्हणवत नाही, तसं. तिने धुऱ्याकडे, माझ्या आईकडे पाहिलं.

आईने आधी निम्म्या रिकाम्या बांधीकडे पाहिलं. मग पेंड्यांकडे. छत्री मिटली.

"सांग, बाई," ती म्हणाली. "सांगून टाक. माह्याही जिवाले घोर लागला हाये."

आणि रुचिकाने सांगितलं. थंडी सरत आली होती. डॉक्टरला निरोप गेला, तो निघाला, काठावर आला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर नदीवरचा बर्फ तडकायला लागला. वैनगंगेला पूर आला की पलीकडचं माणूस दिसतं पण पोचता येत नाही, ते या बायांना सांगावं लागलं नाही. शकुनबाई एक एक वाक्य टोकापर्यंत पोचवत होती. डॉक्टर काठावर कंदील घेऊन उभा आहे. रशियावालीला खिडकीतून तो कंदील दिसतो. ती म्हणते, खिडकी उघडा, मला नदी ऐकू द्या. खिडकी उघडतात. कंदील हलतो. ती हात वर करते.

त्यापुढचं वाक्य रुचिकाने सांगितलं, पण शकुनबाईने ते पुढे पोचवलं नाही. टोकाच्या बायांना तरीही कळलं.

शकुनबाईने पेंडी धुऱ्यावर ठेवली आणि चिखलातून बाहेर आली. तिच्यामागे एक एक करून सगळ्या. बोडीवर जाऊन हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि पदराने तोंड पुसत गावाकडे चालायला लागल्या. सत्यभामा जाताना रुचिकाच्या पाठीवर हात ठेवून गेली.

माझं डोकं फिरलं. "अवं, बांधी अर्धी हाये! कुठं जाता? कोन मेलं? कागदावरची बाई मेली! तिकडं रशियात, शंभर-दीडशे वर्षं झाले असतीन!"

"वरडू नोको," आई म्हणाली. तिचेही डोळे भरलेले. "घरात मयत झाल्यावर वरडते का कोनी?"

घरात! मी पेंडी आपटली आणि बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो. उगाच का सांगू, थोडं रडू मलाही आलं होतं. पण त्याहून जास्त राग आला होता, त्या डॉक्टरचा. आधीच बोलला असता तर नदी ओलांडायची वेळ कशाला आली असती?

संध्याकाळी दिवेलागणीला शकुनबाई दारात. हातात डबा, झाकणावर फडकं.

"भात-वरन हाये," ती म्हणाली. "आज तुमच्याकडं चूल पेटवत नसतेत."

माझा विश्वास बसेना. "शकुनमावशी, तुले माहीत हाये ना, ते खरी बाई नोती?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की शेंबडं पोर असल्यासारखं वाटलं. "मले का अक्कल नाही का रे? पुस्तकातली होती. पन इतके दिवस आमच्यासंगं चिखलात उभी होती का नाही? आन् या पोरीच्या पेटीतून आली, म्हंजे हिच्या माहेरची झाली. माहेरचं मानूस गेलं तं पोरीनं उपाशी झोपाव का?"

रुचिका उठून आली. डबा घेतला, आणि डब्यासकट शकुनबाईच्या गळ्यात पडली. दीड वर्षात ती या घरात कुणाच्या गळ्यात पडली नव्हती. सासूच्या नाही, आणि चारचौघांत माझ्याही नाही. आई चुलीपाशी पाठ करून उभी राहिली आणि न पेटवलेल्या चुलीतली लाकडं सारखी करत बसली.

सकाळी मी एकटाच बांधीवर गेलो, की निदान दोन-चार ओळी तरी रोवू. पाहतो तर अख्खी टोळी चिखलात. शिवाय टोळीत नसलेल्याही दोघी-तिघी. लिलाधरचा पिकअपवाला रस्त्यावर हॉर्न वाजवून दमलेला.

"वाजवू नोको," शकुनबाई न उठताच ओरडली. "मयतीच्या घरची रोवनी पयले. मंग तुमची."

हे मात्र मी विसरलोच होतो. मयतीच्या दिवशी रोवणी थांबते, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरची मयत त्याची राहिलेली बांधी गाव आधी आटपून देतं. त्याला बोलवावं लागत नाही. फक्त ही रीत रशियापर्यंत जाते, हे मला माहीत नव्हतं.

"कोन मेलं?" पिकअपवाल्याने मला विचारलं.

"बायकोच्या माहेरची," मी म्हणालो. खोटं बोललो असं मला तेव्हाही वाटलं नाही.

रुचिका आईबरोबर आली आणि गुपचूप रांगेत उभी राहिली. नुसता चिखलात बोटं रुतल्याचा आवाज. मग शकुनबाईने विचारलं, "तिले एक पोरगी होती मनत होती ना तू? ते कोनापाशी राह्यली?"

रुचिका थांबली. "पुस्तकात नाही, काकी. शेवटी तिच्याबद्दल काही लिहिलंच नाही."

"अरे वा रे लिवनारा! मायले मारलं आन् लेकराले वाऱ्यावर सोडलं?"

बाया चिडल्या. खरोखर चिडल्या. तेवढ्यात धुऱ्यावरून आई खाली उतरली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ती चिखलात पाय ठेवत नसे. पदर खोचला आणि रांगेत रुचिकाला लागून उभी राहिली.

"मेली तिले कोनी वाचवू नये, मान्य," ती म्हणाली. "पन लेकराचं तं त्यानं काही लिवलंच नाही ना? मंग तिचं तू सांग. मनाव, करडीले आली. आपल्याच घरी हाये."

रुचिकाने सासूकडे पाहिलं. काल एक शब्द इकडचा तिकडे करायला तयार नसलेली माझी बायको गालावरचा चिखल मनगटाने पुसत हसली, आणि वाकून रोवता रोवता सांगायला लागली.

"पोर आली तेव्हा दुपार होती. पायात बूट होते, तिला चिखलात उतरता येईना. मग आजीने तिचे बूट काढले."

"कोन्या आजीनं?" टोकावरून सत्यभामाने विचारलं.

"रुखमिणीनं," शकुनबाईने पुढे पोचवलं.