योआनाच्या रक्तातला आकडा

मित्रांनो, विदिन शहरातल्या इस्पितळात, रक्ततपासणीच्या खोलीत खिडकीखाली जे यंत्र घरघरते, ते मी. मला सेंट्रिफ्यूज म्हणतात. रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन मी गरगर फिरतो. तांबडे रक्त तळाला बसते, वर पिवळसर पाणी उरते आणि शेजारचे नवे यंत्र त्यातून हवे ते मोजते. मला इथे एकवीस वर्षे झाली. पूर्वी सगळे माझे कौतुक करत. आता माझे झाकण चिकटपट्टीने धरून ठेवले आहे, आणि फिरताना मी थडथडतो.

मार्चमध्ये पाच वर्षांची योआना आली. तिच्या पायांवर राठ केस उगवले होते, कपाळावर मुरूम होते, आवाज घोगरा झाला होता. तिची आई इस्क्रा तिला मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"मावशी, दुखेल?"

"मुंगी चावल्याएवढं. आणि मुंगीच रडायला लागली तर मला सांग हं," रोसित्सा म्हणाली. ती इथली तंत्रज्ञ.

मोजायचे होते टेस्टोस्टेरॉन. ते पुरुषांच्या रक्तात भरपूर असते, लहान मुलीच्या रक्तात जेमतेम. आकडा आला तो मिसरूड फुटलेल्या मुलाचा! मी भेदरलो. माझ्या थडथडण्याने तर रक्त बिघडले नसेल? रोसित्साने पुन्हा रक्त घेतले. पुन्हा तोच आकडा. पोटात ते बनवणारी गाठ असू शकते, गुरुवारी पोटाचा फोटो काढू, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी योआनाचा बाप कामेन स्वतःच्या तपासणीला आला. एका आजारपणानंतर त्याचे टेस्टोस्टेरॉन घटले होते. डोळे रडून सुजलेले होते.

"औषध काय, गोळ्या?" दंडाला पट्टा बांधत रोसित्साने विचारले.

"नाही हो, मलम. रोज सकाळी खांद्यांना चोळतो."

"आणि मग?"

"मग काय! पोरगी येऊन गळ्यात पडते. तिला कडेवर घेऊनच न्याहारी..."

रोसित्साने हातातली सुई खाली ठेवली.

"आधी शर्ट घालता ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "म्हणजे... मीच?"

"मलमातलं टेस्टोस्टेरॉन तुमच्या खांद्यावरून तिच्या अंगात जातंय. उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगायचं."

फोटोत गाठ निघाली नाही. मलम बंद झाले. सहा आठवड्यांनी योआनाचे रक्त पुन्हा माझ्या पोटात आले. इतका घाबरून मी कधी फिरलो नव्हतो. आकडा खाली आला होता! केस हळूहळू जातील, आवाजाचे मात्र आत्ता सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

कामेन दारातच उभा होता, हात खिशात घालून. त्या दिवसापासून त्याने मुलीला शिवले नव्हते.

"बाबा, उचल ना!"

तो मागे सरकला.

"अहो, मलम बंद आहे, अंगात शर्ट आहे," रोसित्सा खेकसली. "आता मुहूर्त बघताय का? उचला की!"

त्याने तिला उचलले आणि तिच्या केसांत तोंड खुपसले.

मित्रांनो, घरात कोणी अंगाला औषध लावत असेल, तर त्याला हात धुवायला आणि अंग झाकायला सांगा. काही विचित्र वाटले, तर न लाजता डॉक्टरांना विचारा. आणि मग आपल्या माणसाला खुशाल बिलगा.