मेंदूचे तरंग टिपणारी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हासाठी नव्हे, थंडीसाठीही नव्हे. माझ्या कापडात धातूच्या बारीक चकत्या बसवल्या आहेत. त्या डोक्याला टेकल्या की मेंदूचे तरंग पडद्यावर रेघांसारखे उमटतात.

मला गोव्यात आणलं डॉ. सुमंगला यांनी. त्या इब्रामपूरच्या. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर दारूचा काय परिणाम होतो, हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे त्या मोठ्या संशोधनाच्या प्रमुख झाल्या, तरी मला मुलांच्या डोक्यावर चढवायला स्वतःच यायच्या. मुलं मला पाहून रडत. मीही भिऊन असे. रेघा काय सांगतील, कोण जाणे!

एकदा सुर्ल्याची सेजल आली. पोटुशी होती. सोबत तिची सहा वर्षांची मुलगी पूजा. शिकवलेलं अक्षर पूजा लगेच विसरे. मी तिच्या डोक्यावर बसले, तेव्हा तिने आईचा पदर घट्ट धरला.

नुसत्या माझ्या रेघांवरून निदान होत नाही. पण सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला; पोटात असतानाच पूजाच्या मेंदूला दारू बाधल्याचा त्यांना संशय आला. हे आईला सांगायचं कसं? मागे शिरगावच्या एका आईला मदतनीस तोडून बोलला होता, ती पुन्हा फिरकलीच नव्हती. हीही गेली तर?

सेजलनेच विचारलं, "बाई, ह्यां माझ्यामुळां झालां? पूजा पोटात असताना पाठ दुखायची म्हणान मी फेणी घेय. आजूनय घेतंय. घोवाक सांगू नकात, तो माका घराभायर काढतलो."

डॉक्टरबाईंनी तिचे हात धरले. "दारूमुळां झालां असात. तुका कोणी सांगूकच नाय, तू काय करतली? पण पोटातलां आजून वाढता. आतां थांबलंस तर तेका फायदो. पण दारू आपणच एकटी सोडू नको, हयच्या डॉक्टरांच्या नजरेखाली सोड. आणि तुझ्या मर्जीशिवाय मी कोणाक सांगूचंय नाय."

सेजलने घरी स्वतःच सांगितलं. पुढच्या खेपेला नवरा साईश बरोबर आला. मान खाली घालून म्हणाला, "बाटली मीच घरात हाडी. आतां हाडूचंय नाय."

सेजलने डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडली. पुढे बाळ झालं. माझ्याच कुळातली इवलीशी टोपी त्याला घातली. डॉक्टरबाई पडद्यावरून नजर काढेनात.

"आजच्या घडीक भिवचां कारण नाय. पण तपासूक हाडीत ऱ्हव," त्या म्हणाल्या. सेजल बाळाला कवटाळून रडली. पूजाला मात्र अजून शिकवणारं प्रेमळ माणूस लागतं.

आता माझ्या चकत्या गंजल्या, मी कपाटात पडून असते. मित्रांनो, वर्गात कुणी अक्षर विसरलं तर हसू नका. आणि कुणाची आई घाबरून काही सांगू पाहत असेल, तर आधी तिचं ऐकून घ्या. भेदरलेलं माणूस गप्प बसतं, पण पोटातल्या बाळाची वाढ त्यासाठी थांबत नाही.