मामाचा कॉम्प्रेसर

वर्कशॉप बंद करताना मामाने बाकी सगळं विकलं, पण हवेच्या दाबाने रंग फवारता येईल असा कॉम्प्रेसर भाचीसाठी राखून ठेवला. पोरीने नुकतंच लोखंडी कपाटं रंगवायचं काम सुरू केलं होतं आणि ब्रशने रंगवून रंगवून तिचं मनगट सुजलं होतं. तिला स्वतःची शेड मिळेपर्यंत वर्षभर कॉम्प्रेसर गोडाऊनच्या कोपऱ्यात पडून राहिला. मग एका सकाळी मामाने तो टेम्पोत घालून तिच्या शेडवर आणला.

"वीस वर्षं घोड्यासारखा राबलाय. कधी कुरकुर नाही," तो म्हणाला.

भाचीचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. तरी तिने प्लग लावला नाही. "मामा, राग मानू नकोस, पण सुरू करायच्या आधी शेजारच्या काकांना एकदा दाखवते."

शेजारच्या काकांचा जन्म कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात गेला होता. दिसेल ते ठोकून बघायची खोड असल्यामुळे गल्लीत सगळे त्यांना ठोकेकाका म्हणत. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं आपण वापरलेली वस्तू, आणि तिची परीक्षा घेणारा हा कोण?

ठोकेकाका आले ते छोटी हातोडी घेऊनच. त्यांनी आधी कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीभोवती एक फेरी मारली.

"रंग छान दिलाय."

"दोनदा दिलाय," मामा म्हणाला.

"म्हाताऱ्याने केस काळे केले की मी आधी दात बघतो." काका हसले आणि खाली बसले. "टाकीतलं पाणी कधी काढलं होतं?"

"पाणी? टाकीत तर हवा असते."

काकांनी टाकीच्या पोटाखालची तोटी पान्याने सैल केली. आधी काहीच आलं नाही. तार खुपसल्यावर मात्र काळपट चहासारखं पाणी भसकन आलं आणि त्याबरोबर गंजाच्या खपल्या. हवेतला ओलावा टाकीच्या तळाशी साचतो, काकांनी समजावलं, आणि तो आतून लोखंड खातो. मग त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढली. ती जागची हलेना. दाब वाढला की जो आपोआप उघडायचा, तोच गंजून दगड झाला होता.

हातोडीचा आवाज वरच्या बाजूला खणखणीत येत होता. पोटाखाली तो बसका येऊ लागला. एका जागी काका थांबले.

मामा पुढे झाला. "तिथे फोड आला होता. मीच पुट्टी भरून रंग मारला."

"बरं झालं सांगितलंत," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता. "आता पाण्याने खात्री करू. हवा दाबून भरली आणि टाकी फाटली, तर पत्र्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. पाणी नुसतं वाहून जातं."

त्यांनी टाकी काठोकाठ पाण्याने भरली, आतली सगळी हवा घालवली आणि हातपंप जोडला. रोजच्या कामाला आठ बारचा दाब लागायचा. दाबमापकाचा काटा चार, पाच करत सहावर आला, आणि पोटाखालून सुईएवढी चिळकांडी उडून थेट मामाच्या पायजम्यावर आली.

भाचीला हसू आलं. मामाला नाही. ती ज्या स्टुलावर बसून रंग मारायची, ते टाकीपासून हातभरावर होतं. तो मटकन त्याच स्टुलावर बसला.

"मी तुझ्यासाठी काय घेऊन आलो होतो गं!"

"मामा, तू माझं दुखणारं मनगट बघून आणलास," ती त्याच्याजवळ बसत म्हणाली. "आणि काका वेळेवर आले. काळ आला होता, वेळ नव्हती आली. झालं तर!"

"मोटर उत्तम आहे," काका मध्येच म्हणाले. "वरचा पंपही. नव्या टाकीवर बसवा, नवा व्हॉल्व्ह लावा, पोरगी दहा वर्षं काम करेल. ही टाकी मात्र कुणाला देऊ नका. भंगारवालाही विकेल एखाद्याला."

त्यांनी ड्रिल मागितलं. "द्या इकडे," मामा म्हणाला, आणि त्या टाकीला दोन मोठी भोकं त्याने स्वतःच्या हाताने पाडली.

आठवड्यात नवी टाकी आली. दाब ठरल्या आकड्याला पोचला की मोटर आपोआप बंद होते ना, व्हॉल्व्ह उघडतो ना, हे ठोकेकाकांनी तीनदा तपासलं. पहिलं कपाट भाचीने दुपारपर्यंत रंगवून टाकलं, आणि कुठे ब्रशचा ओरखडा म्हणून नव्हता.

मामा ते बघून निघाला तो सरळ ठोकेकाकांच्या दारात. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण काका दार उघडून समोर उभे राहिले आणि ठरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"साहेब, आईविना पोर आहे ती," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

ठोकेकाकांनी त्याचा हात धरून त्याला आत नेलं. "बसा. मलाही हल्ली कुणी काही तपासायला बोलावत नाही," ते म्हणाले. "तुमच्या भाचीने बोलावलं. आभार मीच मानायला हवेत."

मग दोघे संध्याकाळपर्यंत यंत्रांविषयी बोलत बसले.