दोर टाकणाऱ्यांची नावं

"आता बाहेर कुठून पडायचं?" टॉलीने विचारलं.

आमची जुनी पिकअप नव्या गोल चौकाला दुसरी फेरी घालत होती. माझ्या मांडीवर राजम्याचं पातेलं होतं. प्रत्येक वळणाला त्यातला रस झाकणाखालून माझ्या परकरावर उतरत होता.

"उजवीकडे वळ, म्हाताऱ्या. त्या कॉफीच्या दुकानापुढून."

"कोणत्या कॉफीच्या दुकानापुढून?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. आमच्या टॅलमन गावात आता कॉफीची तीन दुकानं आहेत आणि घोड्याला नाल ठोकणारा एकही नाही. पूर्वी या चौकात समोरच्याने स्टीअरिंगवरून दोन बोटं उचलली की समजायचं, तू जा आधी. नव्या लोकांना दोन बोटं दाखवली तर ते गाडी थांबवतात, काच खाली करतात आणि आपली कुठे ओळख झाली होती म्हणून विचारतात. माणसं वाईट नाहीत, फक्त फार आहेत. नदीकाठच्या ज्या रानात टॉलीने उभी हयात गवत कापलं, तिथे घरं उठली आणि त्या वसाहतीचं नाव काय, तर 'जुनं कुरण'. आजोबांना घराबाहेर काढायचं आणि नातवाला त्यांचंच नाव ठेवायचं, त्यातली गत.

टॉली म्हणजे माझा नवरा, आर्विड टॉलेफ्सन. वय चौऱ्याहत्तर. तो जन्मभर हॅस्केटांच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यावर, गडी होता. स्वतःची जमीन नाही, गाय नाही. एक घोडी आहे, तीही हॅस्केटांच्याच कुरणात चरते. हल्ली तो नव्या बाजाराच्या आवारात गिऱ्हाइकांनी कुठेही सोडलेल्या सामानाच्या ढकलगाड्या गोळा करून आणतो. "या लाथा मारत नाहीत," म्हणतो, आणि त्यावर स्वतःच हसतो.

त्या शनिवारी हॅस्केटांकडे वासरांची डागणी होती. आमच्याकडे या कामाला मजुरी नसते. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. घोडेस्वार वासराच्या मागच्या पायांत फास टाकून त्याला विस्तवापाशी ओढत आणतो, दोघं जण त्याला जमिनीवर धरतात, कोणी लस टोचतं, कोणी तापल्या लोखंडाने मालकाच्या खुणेचा डाग देतं, आणि मिनिटाभरात वासरू हंबरत आईकडे पळतं. पाय धरायला कोणीही चालतं. दोर टाकायला चालत नाही. दोर टाकणाऱ्यांची नावं सकाळी मालक घेतो. मागायचं नसतं. नाव घेतल्याशिवाय खोगिरावरचा दोर सोडायचाही नसतो. आमच्याकडचा माणूस एकवेळ दुसऱ्याच्या बायकोला नाचायला बोलावेल, पण दोर मागणार नाही.

क्लाइड हॅस्केट दरवर्षी पहिलं नाव टॉलीचं घ्यायचा. फेब्रुवारीत क्लाइड गेला. आता नावं घेणार होती त्याची मुलगी कोरिन. आणि गेल्या वर्षी टॉलीचे अर्धे फास हवेतच गेले होते, ते कोरिनने डोळ्यांनी पाहिलं होतं.

बर्फ वितळल्यापासून तो रोज संध्याकाळी घरामागे उपड्या बादलीवर दोर टाकत होता. मी दार उघडलं की दोर गुंडाळत असल्याचं सोंग करायचा. मीही कचरा टाकायला आल्याचं सोंग करायची. लग्नाला एवढी वर्षं झाली की दोघांचीही सोंगं एकमेकांना पाठ असतात.

"समज, नाव नाही घेतलं तर?" गाव मागे पडल्यावर मी विचारलं.

"नाही तर नाही. वासरांचे पाय धरीन."

"या गुडघ्यांनी?"

"मग लस टोचीन. कोरिन टोचतेच की दरवर्षी."

"ती हौसेने टोचते असं वाटतं तुला?"

टॉलीने गिअर बदलला. कोरिनला दोर त्यानेच शिकवला होता. ती नऊ-दहा वर्षांची असताना, गवताच्या गंजीमागे, बापाची नजर चुकवून. क्लाइडला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. माणूस देव होता, पण या एका बाबतीत धोंडा. त्याच्या बापाने कधी बाईचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून यानेही घेतलं नाही. पोरगी चाळिशीला आली तरी डागणीच्या दिवशी हातात लसच. आणि आता तीच मालक झाली. मालकाने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं. म्हणजे तिचं नाव घेणारं आता कोणी उरलंच नव्हतं.

"तिला माझ्याइतकं जमतं," टॉली थोड्या वेळाने म्हणाला. मग आरशात बघत म्हणाला, "खरं तर माझ्यापेक्षा बरं."

हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी पातेलं घट्ट धरलं. कोरिनने त्याचं नाव घेतलं नाही तर हा आतून मोडेल, याची मला भीती होती. आणि घेतलं तर त्याहून मोठी भीती होती. फासात वासरू सापडलं की दोराचं दुसरं टोक खोगिराच्या खुंट्याभोवती झटकन गुंडाळायचं असतं. तेव्हा अंगठा मध्ये आला की वासरू पुढे आणि अंगठा मागे. आमच्या गावात असे अर्धे हात पुष्कळ आहेत. टॉलीची दहाही बोटं शाबूत आहेत, आणि त्याचा त्याला जेवढा अभिमान आहे तेवढा कशाचाच नाही.

रँचवर माणसं जमली होती. निम्मे चेहरे नवे, टोप्याही कोऱ्या करकरीत. कुंपणाच्या आत वासरं, बाहेर त्यांच्या आया, आणि दोन्हीकडून असा काही हंबरडा की शेजारी उभं राहूनही ओरडून बोलावं लागत होतं. मी जेवणाच्या टेबलापाशी पाव कापायला बसले. तिथून सगळं दिसतं. टॉलीने घोडीवर खोगीर घातलं आणि तिच्या शेजारी उभा राहिला. दोराकडे बघतसुद्धा नव्हता.

कोरिन गाडीच्या मागच्या फळीवर चढली. बापाचे हातमोजे तिला मोठे होत होते.

"टॉली," ती म्हणाली. पहिलंच नाव. "मग ड्वेन. मग पीटरसन बापलेक."

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच नजर त्याच्या अंगठ्यांवर गेली. टॉलीने टोपीची कड जराशी खाली ओढली, एवढंच. पण त्याचे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले.

तेवढ्यात गर्दीतून हात वर झाला. 'जुनं कुरण'मधले गॅव्हिन. स्वभावाने गोड माणूस, बर्फात आमची वाट साफ करून देतात. "मलाही टाकता येतो दोर!" ते उत्साहाने म्हणाले. "मी सहा आठवड्यांचा वर्ग केलाय. मी येऊ का?"

ड्वेन, आमचा शेजारी, स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. भर चर्चमध्ये कोणाचा पट्टा सुटून विजार खाली यावी, तशी सगळ्यांची नजर चुकवाचुकवी.

"आज तुम्ही पाय धरा," कोरिन शांतपणे म्हणाली. "लाथ बसली तर ओरडायला हरकत नाही. सगळेच ओरडतात."

हशा झाला आणि वेळ निभावली. गॅव्हिनना शेवटपर्यंत कळलं नाही की काय झालं होतं. पण त्यांनी पाय धरले ते मात्र मनापासून.

टॉलीचा पहिला फास असा गेला की मी सुरी खाली ठेवली. वासराच्या पोटाखालून दोर सरकला, उभा राहिला, आणि दोन्ही पाय त्यात आपण होऊन आले. घोडी वळली, आणि टॉली विस्तवाकडे अशा सावकाश चालीने आला की जणू काही झालंच नाही. कोणीतरी शीळ घातली. दुसरा फासही बसला. मला उगीचच रडू आलं. त्या बादलीचं सोनं झालं, म्हटलं.

तिसरं वासरू दांडगं होतं. फास बसला, पण खुंट्याला वेढा देताना टॉलीचा हात चुकला. वासराने हिसका दिला आणि दोर त्याच्या मुठीतून सरसर पळाला. अंगठा खुंट्याला जाऊन टेकला होता. एका श्वासाचं अंतर. त्याने वेळीच सगळं सोडून दिलं. वासरू दोरासकट पळालं आणि ड्वेनने त्याला गाठलं.

"होतं असं, टॉली!" ड्वेन ओरडला. "असले बेटे मलाही जुमानत नाहीत!"

कोणाला काही वाटलं नाही. पण टॉली घोडीवर बसून आपल्या हाताकडे बघत होता. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं, उतर, पुरे झालं, मला तू अख्खा हवा आहेस. मी मान हलवली नाही. हे मी सांगायचं नव्हतं. मी पाव कापत राहिले आणि कापता कापता बोट कापून घेतलं.

तो कुंपणापाशी आला आणि उतरला. उतरायला बराच वेळ लागला.

"कोरिन!" त्याने हाक मारली. "माझा गुडघा बोंबलतोय. घोडी मात्र आत्ता कुठे तापली आहे. ये, बस तिच्यावर."

कोरिन लसीची पिचकारी घेऊन उभी राहिली. "थट्टा करू नकोस टॉली. मालकाने—"

"मालकाने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं, हे मला शिकवतेस? तू नको घेऊस. मी घेतो." आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "कोरिन हॅस्केट."

म्हाताऱ्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. गड्याने नाव घेतलेलं आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. मग ड्वेनने तंबाखू थुंकली.

"नाव घेतलंय ना पोरी? मग उभी काय? वासरांचे बैल झाल्यावर टाकणार आहेस का फास?"

कोरिन आली. टॉली तिच्यासाठी रिकिबीचे पट्टे आखूड करू लागला. त्याला बकलाचं भोक सापडत नव्हतं. ती स्वतः ते चुटकीसरशी करू शकली असती. तिने केलं नाही. घोडीच्या मानेवर हात ठेवून, दुसरीकडे बघत ती थांबून राहिली. मग चढली.

तिचा पहिला फास टॉलीने पाहिला नाही. तो पाठ करून लसीची पिचकारी भरत होता. दोराचा आवाज ऐकून त्याला कळलं असावं, कारण तो खाली मान घालून हसला.

दुपारी काम संपलं. दोर टाकणारे आधी जेवतात. ओसरीवर त्यांचं वेगळं टेबल असतं आणि बाकीचे टेबलांपाशी ताटली घेऊन रांग लावतात. कोरिन ओसरीवर बसली होती, धुळीने माखलेली, बापासारखीच कोपर टेकून. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि टॉलीला हाक मारली. त्याला ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

ताटली त्याने डाव्या हातात धरली होती. उजवा हात खिशात होता. आत दोराने सोललेला तळवा असणार, ते मला माहीत होतं. घरी मलम आहे, लावीन, म्हटलं. मी मांस वाढत होते, आणि रांग पुढे सरकत होती.

त्याच्या पुढे गॅव्हिनची बायको होती. केसांत गवत, गालावर शेण, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ती मागे वळली. "काय दिवस होता ना! आम्ही तर पहिल्यांदाच आलोय. तुम्हीही पहिल्यांदाच का?"

मी वाढायची थांबले.

टॉलीने ओसरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो," तो म्हणाला. "या रांगेत पहिल्यांदाच."

आणि तिची ताटली एका बाजूला कलली होती, ती त्याने खिशातला हात काढून हळूच सरळ केली.