साठवालं टोपलं

पैज लागली वांग्यावरून, अन लावणारी होती गोजरबाई. पन्नाशीले टेकली तरी बाईची खोड गेली नव्हती. गल्लीत कोणाची चप्पल लिंबाच्या झाडाले लटकलेली दिसली, का लोक पयले तिच्याच घराकडं पाहत.

झालं असं, का तिचा भाऊ कडूबा, त्याची पोरगी निशिगंधा ओट्यावर बसून बारावीचं अर्थशास्त्र मोठ्यानं वाचून राह्यली होती. "भाव उतरला का मागणी वाढते, भाव चढला का मागणी घटते."

समोरच्या घरचे अर्जुनराव दात कोरता कोरता हासले. चाळीस एकराचे मालक, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. "हे तं माह्या बैलालेबी मालूम हाये! अन यासाठी पोरीले खामगावच्या कॉलेजात धाडतं का बे कडूबा? शिवनक्लास लाव तिले."

कडूबा खाली पाहत राह्यला. अर्जुनराव बोलले का त्याची मान आपोआप हालायची.

निशिगंधाचे कान तापले. "काका, पुढच्या पानावर अपवाद हायेत. काही लोक वस्तू महाग हाये म्हनूनच घेतात. मान मिरवाले."

"असा येडा आपल्या सोनाळ्यात नाई पैदा झाला."

"झाला हाये," गोजरबाई चुलीपासून उठून आली. "लावता पैज? या बाजारी कडूबाच्या वावरातले भरताचे वांगे आनतो. एकच ढीग, दोन टोपले. एक तीस रुपये किलो, एक साठ. साठवालं कोनी घेतलं तं तुमी हरले."

"फसवून इकशीन तू. तुले वळखतो मी," अर्जुनरावानं बोट नाचवलं. "माल एकच हाये हे गिऱ्हाइकाले मालूम पायजे. मालूम असून घेतलं, तरच खरं."

"मंजूर. तुमी हरले तं माह्या बारदान्यावर बसून, वरडून वांगे इकाचे. बाजार उठेपर्यंत."

"अन तू हरली तं?"

गोजरबाईच्या आधी कडूबाच बोलला, "तं निशीनं खामगावचं नाव काढाचं नाई."

पोरीनं पुस्तक मिटलं अन सरळ बापाच्या डोळ्यात पाह्यलं. "नाई काढत. पन जितलो तं बाबा, फारम भराले तुमी सोता संग याचं."

"पैज पुढच्या बाजारी ठेवा," अर्जुनराव जाता जाता म्हणाले. "या बाजारी वडनेर भोलजीचे पाव्हने येऊन राह्यले. पोराची सोयरीक जुळून राह्यली."

"पाव्हन्याईचं तुमी पाहा," गोजरबाई म्हणाली, "वांग्याचं मी पाह्यतो."

बाजाराच्या दिवशी गोजरबाईनं दोन टोपले मांडले. हिरवेगार, चकचकीत वांगे. निशिगंधानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर भाव लिहिले, अन खाली मोठ्या अक्षरात: 'दोन्ही एकाच वावरातले.'

लोक वाचत, हासत, अन तीसचे घेऊन चालू पडत. "गोजरबाई, ऊन लागलं का वो तुले?" तीसचं टोपलं तीनदा भरलं. साठवाल्यातलं एकबी वांगं जागचं हाललं नाई. समोर चहाच्या टपरीवर अर्जुनराव पायावर पाय टाकून बसलेले. मधूनच हात वर करून इचारत, "काय निशिगंधाबाई, कोनतं पान चालू हाये?"

दुपार कलली. पोरीनं पुठ्ठा परत एकडाव वाचून पाह्यला. "आत्या, पुस्तकात तं लिहिलं होतं..."

"पुस्तक बराबर हाये व माय. तू तराजू धर."

तेवढ्यात टपरीपुढं जीप थांबली. वडनेर भोलजीचे रामराव उतरले, संग बायको अन दोघं भाऊ. अर्जुनरावानं गडबडीनं खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. अन इकडून अर्जुनरावाच्या घरच्या, अन्नपूर्णाबाई, थैली घेऊन टोपल्यापुढं आल्या. रात्री भरताचा बेत होता.

"पाच किलो दे व गोजर. तीसचेच दे, माल तं एकच दिसून राह्यला."

"एकच हाये, वयनी. पन सोयऱ्याईच्या ताटात पडनार न? मालकाले एक डाव इचारून घ्या. मंग मले बोल नोको."

अन्नपूर्णाबाईले पैजेचा पत्ता नव्हता. अन आवाज असा, का टपरी काय, पुढचं गावही ऐकन. "अवो! पाव्हन्याईसाठी तीसवाले घेऊ, का साठवाले?"

रामरावानं बशीतून तोंड वर केलं. त्याईच्या बायकोनं अर्जुनरावाकडं पाह्यलं. अर्जुनरावानं त्या पुठ्ठ्याकडं पाह्यलं. तीस म्हणावं, तं होणारे इवाई म्हणन, चाळीस एकराचा मालक अन आमाले सस्त्यातलं खाऊ घालते. साठ म्हणावं, तं... गोजरबाईनं हळूच डोक्यावरचा पदर सारखा केला अन गोड हासली.

"कोनते घेऊ?" अन्नपूर्णाबाई परत वरडल्या.

अर्जुनरावाची मिशी थरथरली. "साठवाले घे!"

निशिगंधाच्या हातातला तराजूच खाली आला. "काका! तुमाले तं मालूम होतं! एकच माल हाये हे तुमालेच सगळ्यात जास्त मालूम होतं!"

सारा बाजार हासाले लागला. बाजूलेच कोथिंबीर इकत बसलेला कडूबा जुड्या सोडून उठला. जल्मात पयल्यांदा त्यानं अर्जुनरावापुढं मान वर केली. "अर्जुनभाऊ, बारदाना मोकळा हाये. या."

"पाव्हने गेल्यावर बसतो बे..."

"बाजार उठन तवर," निशिगंधा म्हणाली. "शब्द तुमचा हाये, काका."

रामरावानं इचारलं काय भानगड, अन लोकायनं मीठमसाला लावून सांगितलं. मंग कुठं जाता? कडक इस्त्रीचा सदरा सावरत अर्जुनराव बारदान्यावर बसले, मांडीवर तराजू घेतला.

"वरडा वो!" गोजरबाई म्हणाली. "असं पोटात नोको."

"वांगे घ्या, वांगे! हे तीस, हे साठ!" अर्जुनराव कातावून वरडले. "दोन्ही एकाच वावरातले!"

गर्दीतून रामराव पुढं आले. दोन्ही टोपल्याईकडं पाह्यलं, एकडाव अन्नपूर्णाबाईच्या भरलेल्या थैलीकडं पाह्यलं, अन खाकरले.

"आमालेबी पाच किलो द्या, इवाई," ते म्हणाले. "साठवाले."