खिडकीपर्यंत जाऊन येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीचे स्टॉपवॉच आहे. सध्या शाळेच्या कपाटात एका फुटक्या शिट्टीच्या शेजारी पडून असतो. काचेला तडा गेलाय, पण स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

माझे तारुण्य खेळाच्या सरांच्या गळ्यात गेले. मैदानावर केवढा रुबाब होता माझा! धावून आलेली मुले पाणी पिण्याआधी माझ्याकडे झेपावत. आकडा कमी निघाला की सर मला शर्टाला पुसत आणि कौतुकाने पाहत. त्यामुळे जे लवकर ते चांगले, एवढेच मला ठाऊक होते.

माझी ही समजूत मोडली भूगोलाच्या बाईंनी. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी एकटीच बसायची. काही विचारले तरी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. मुलांनी तिचे नावच 'गुळणी' पाडले होते. सहामाहीनंतर तिला एक इयत्ता खाली बसवायचे, असे मोठ्या बाईंनी ठरवून टाकले होते. भूगोलाच्या बाईंनी सहा आठवडे मागून घेतले.

"मुलं उत्तरं का देत नाहीत, ते आधी मला शोधू द्या," त्या म्हणाल्या.

याला कृतिसंशोधन म्हणतात, हे मला पुढे कळले. आपल्या वर्गातली अडचण आपणच तपासायची, काहीतरी बदलून पाहायचे आणि पुन्हा तपासायचे.

बाईंनी खेळाच्या सरांना गुळणीच्या शेजारी बसवले. बाक एवढासा, सर आडवेतिडवे. बाईंचा प्रश्न संपला की मला सुरू करायचे, कोणी बोलले की थांबवायचे आणि आकडा वहीत लिहायचा. आठवड्याने सरांनी वही पुढे केली.

"बाई, सरासरी सव्वा सेकंद. एवढ्यात माझी पोरं बुटाची नाडीसुद्धा बांधत नाहीत."

"म्हणजे सव्वा सेकंदात उत्तर देतात?"

"तेच ते चौघं देतात. नाहीतर तुम्हीच देऊन टाकता."

बाईंचा चेहरा उतरला. "आणि मला वाटत होतं, मी मुलांना मोजतेय," एवढेच त्या म्हणाल्या. मला मात्र त्यांचे फार कौतुक वाटले. आपलीच चूक वहीत लिहून रोज तिच्याकडे बघायला छाती लागते.

मग त्यांनी एक युक्ती काढली. प्रश्न विचारायचा आणि फळ्यापासून खिडकीपर्यंत चालत जाऊन परत यायचे. तोवर तोंड बंद. पहिल्या दिवशी वर्ग गोंधळला. "बाई, रागावलात का?" एकाने विचारले. दुसऱ्या दिवशी सरांनाच राहवेना. मैदानावरच्या सवयीने ते ओरडले, "अरे चला, चला, चला!" वर्ग खो खो हसत सुटला. बाईंनी त्या दिवसाच्या आकड्यांपुढे 'सरांमुळे वाया' असा शेरा लिहिला.

पाचव्या आठवड्यात बाईंनी विचारले, "सकाळी लांब असलेली सावली दुपारी आखूड का होते?" नेहमीच्या चौघांचे हात लगेच वर गेले, तरी बाई खिडकीकडे चालू लागल्या. माझा काटा तीनवर आला, पाचवर आला. बाई खिडकीशी पोहोचून वळल्या. तेवढ्यात सरांच्या शेजारून अगदी बारीक आवाज आला.

"सूर्य डोक्यावर येतो ना, मग तिला पसरायला जागाच उरत नाही."

कोणी हसले नाही. बाईंचे डोळे भरून आले. "अजून सांग," त्या म्हणाल्या, आणि गुळणी सांगत राहिली.

सहा आठवडे संपल्यावर मोठ्या बाईंनी वही उघडली. उत्तरे देणारी मुले चारावरून एकोणीसवर गेली होती. गुळणीच्या नावापुढे खूण होती, पण सेकंदांचा रकाना कोरा होता.

"इथला आकडा कुठाय?"

सर ओशाळले. "बटण दाबायचं राहिलं, बाई. मी ऐकत बसलो."

मोठ्या बाईंनी वही मिटली. "राहू दे तिला आहे त्याच वर्गात," त्या म्हणाल्या.

पुढे सर निवृत्त झाले, बाईंची बदली झाली. आता सगळे फोनवर वेळ मोजतात. मला कोणी किल्ली देत नाही, आणि त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? जन्मभर मोजलेले हजारो सेकंद मी विसरलो. तो कोरा रकाना मात्र रोज आठवतो.

मित्रांनो, कधी कपाट उघडलेत तर माझ्यावरची धूळ पुसा. नाही जमले तरी राग नाही. पण तुमच्याही वर्गात एखादी गुळणी असेलच. तिला काहीतरी विचारा, आणि खिडकीपर्यंत जाऊन या.