दहा यार्ड

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला अंगदचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. पाईप आणि नळ्यांची चौकशी संपली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "तो गोल्फवाला राजानंद तुमच्याच वर्गातला ना?" अंगद हातातलं काम न सोडता म्हणतो, "वर्गातला काय घेऊन बसलात! मीच नेलं त्याला पुण्याला." यात खोटं काही नाही. खोटं असतं तर त्याला एवढा जाळही झाला नसता.

बारावीत दोघं एकदमच नापास झाले. अंगदचे मामा बद्रीनाथ पुण्यात एका गोल्फ क्लबावर गवत कापणाऱ्यांचे मुकादम होते. त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं. एकट्याला करमणार नाही म्हणून अंगदनं राजानंदला सोबत घेतलं. राजानंदचे वडील भिवा हे अंगदच्या वडलांच्या, कडूबांच्या मोसंबीच्या बागेत कामाला. पोरं मात्र लहानपणापासून एका सायकलवर शाळेत गेलेली.

दोघं कॅडी झाले. साहेबलोकांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन दिवसभर चालायचं, बॉल कुठं पडला ते बघायचं, बॉल जिथं घालायचा त्या खळग्यावरचा, होलवरचा झेंडा किती लांब आहे ते सांगायचं. सोमवारी क्लब बंद असे आणि त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा होती. पहिली दोन वर्षं अंगदच्या जवळपास कुणी येत नव्हतं. त्याचा फटका असा लांब जायचा की बाकीचे कॅडी शिट्ट्या मारायचे. राजानंदचा बॉल आपला मधोमध, सरळ, बेताचा जाई. पण अंगदचा एक फटका बिघडला की त्याचं डोकं फिरे आणि पुढचे चार बिघडत. राजानंदचा बिघडला तर तो थोडा वेळ गवताकडं बघत उभा राही आणि मग काहीच झालं नाही असा चालू लागे.

तिसऱ्या वर्षी कॅडींच्या स्पर्धेत राजानंद पहिला आला आणि अंगद पाचवा. क्लबातल्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी राजानंदला स्वतःचा जुना सेट दिला, शिकवणारा लावून दिला. चार वर्षांत तो व्यावसायिक खेळाडू झाला. पहिल्याच दिवशी त्यानं अंगदला म्हटलं, "माझी बॅग तूच घे. दुसऱ्याच्या आकड्यावर माझा भरवसा बसत न्हाई." अंगद हो म्हणाला. त्या वेळी तो मनापासून खूश होता, निदान त्याला तसं वाटलं होतं.

त्या दिवाळीला घरी जेवताना कडूबांनी विचारलं, "म्हंजे तू नेमकं करतो काय?"

"राजानंदची बॅग सांभाळतो, दादा. कुठून कितीचा फटका मारायचा ते सांगतो."

कडूबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "भिवानं आपल्या बागेत वीस वर्सं पाट्या उचलल्या. आता तू त्याच्या पोराची पिशवी उचल."

ते रागानं बोलले नव्हते. हवापाण्यावर बोलावं तसं बोलून त्यांनी कालवणाची वाटी पुढं ओढली. पण अंगदनं हातातला घास ताटात ठेवला. तेव्हापासून बॅगेचा पट्टा त्याला खांद्यावर रुतायला लागला. राजानंदचं नाव पुकारलं गेलं की टाळ्या पडत, आणि अंगद मनात म्हणे, ह्याच्यापेक्षा तीस यार्ड लांब मारायचो मी. कुणाला ठाऊक आहे? एकालाही नाही.

बंगळुरूच्या त्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलला राजानंद एका फटक्यानं पुढं होता, म्हणजे त्याला सगळ्यांपेक्षा एक फटका कमी लागला होता. जिंकला असता तर ते त्याचं पहिलं विजेतेपद. झेंड्याच्या अलीकडं पाणी होतं. बॉल छान जागी होता. ते पाणी पार करून बॉल ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर टाकला की झालं. अंगद पावलं मोजायला निघाला तेवढ्यात एक फोटोवाला पुढं झाला. "ओ बॅगवाले भैया, थोडा साइड में." अंगद बाजूला झाला. फोटो निघाला. त्यात राजानंद होता, हिरवळ होती, आभाळ होतं.

अंगदनं अंतर मोजलं. एकशे त्रेपन्न यार्ड भरलं. त्यानं पुन्हा मोजलं. एकशे त्रेपन्नच.

"किती?" राजानंदनं विचारलं.

"एकशे त्रेचाळीस."

"बराबर?"

"बिलकुल."

राजानंदनं आठ नंबरच्या काठीवरचा हात काढून त्याहून कमी लांब मारणारी नऊ नंबरची उचलली. फटका इतका सुरेख बसला की लोक आधीच टाळ्या वाजवू लागले. बॉल उंच गेला, झेंड्याच्या रेषेत आला आणि पाण्यात पडला. तिथं दोन फटके जास्तीचे गेले आणि राजानंद एका फटक्यानं हरला.

संध्याकाळी खोलीवर तो उजव्या हाताचं मनगट दुसऱ्या हातात धरून बसला होता. "सैल पडलं. घाबरलो मी, आंग्या. तू आकडा बराबर दिल्ता." अंगद बॅगेतल्या काठ्या पुसत राहिला. आठच दिवसांत, दादांची तब्येत बरी नाही असं सांगून तो गावाकडं आला तो परत गेलाच नाही. पुढच्या वर्षी दुसरा कॅडी घेऊन राजानंदनं तीच स्पर्धा जिंकली. मग दिल्ली, मग कोलकाता. गेल्या थंडीत तर थायलंडमधली एक मोठी स्पर्धा मारली आणि जालन्याच्या चौकाचौकांत त्याचे फलक लागले.

सत्कार जालन्यात ठरला. राजानंदचा स्वतःचा फोन आला. "यायचंच. स्टेजवर माझ्या बाजूला बसायचंय तुला." अंगदला जायचं नव्हतं, पण त्याच्या बायकोनं, तृप्तीनं, इस्त्रीचा शर्ट आदल्या दिवशीच काढून ठेवला होता.

कार्यालय गच्च भरलं होतं. राजानंदच्या अंगावर फिकट निळा कोट होता आणि तो त्याला शोभत होता, हे अंगदला कबूल करावं लागलं. स्टेजवर मागं बसलेल्या कुणीतरी अंगदकडं बघून विचारलं, "हे कोण?" दुसरा म्हणाला, "ह्यांच्याकडं कामाला व्हता म्हणं." अंगदचे कान तापले.

राजानंद बोलायला उठला. आईबद्दल बोलला, डॉक्टरीणबाईंबद्दल बोलला, आणि मग अंगदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बंगळुरूला मी हातात आलेली स्पर्धा घालवली. लोक कॅडीला दोष देतात. पण अंगदचा आकडा चोख व्हता. चूक माझी, एकट्याची. आज मी जो हाय तो त्या एका हारीमुळं हाय. अन् मला पुण्याला ह्यानंच नेलं, हे ध्यानात ठेवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तृप्तीनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. अंगद हसत राहिला आणि आतून त्याला भाजून निघाल्यासारखं झालं. राजानंदनं विजेतेपदं घेतली, नाव घेतलं, आता ती हारसुद्धा स्वतःच्या नावावर करून टाकली! तेवढी एकच तर अंगदची होती. तो बॉल अंगदनं पाण्यात घातला होता. ह्यानं नाही.

जेवण राजानंदच्या घरी होतं. जालन्यातच मस्तगडला त्यानं आईसाठी दोन मजली घर घेतलं होतं. त्याची आई चांगुणाबाई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या, तृप्ती लाटून देत होती. पुढच्या खोलीत दोघंच उरले. राजानंद कोट काढून खुर्चीवर टाकत होता.

"राजा, त्या दिवशी एकशे त्रेपन्न व्हतं," अंगद म्हणाला.

"कोन्त्या दिवशी?"

"बंगळुरूला. दोनदा मोजलं मी. दोन्ही वेळा एकशे त्रेपन्न. तुला दहा कमी सांगितले."

राजानंदचा हात कोटावरच राहिला. "चुकून?"

"न्हाई."

आतून तेलाचा चर्र आवाज येत होता. राजानंद खाली बसला. तो आपल्या उजव्या मनगटाकडं बघत होता.

"वर्षभर मी ह्या मनगटावर मेहनत केली," तो म्हणाला. "पकड बदलली. उभं राहायची पद्धत बदलली. रोज तीन-तीनशे बॉल, तोच एक फटका. झोपेतून उठून मनगट दाबून बघायचो. त्याच्यात काही बिघाडच नव्हता?"

"फटका बराबर व्हता. मी पाहिला ना."

"का केलं?"

अंगदनं उत्तराची बरीच जुळवाजुळव केली. वडलांचं बोलणं, फोटोवाला, तीस यार्ड. पण तोंडातून एवढंच आलं, "बघवलं न्हाई."

"अन् आज का सांगून राह्यला? माफी पाह्यजे?"

माफी मागावी हे अंगदच्या मनातच आलं नव्हतं. राजानंदनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं आणि त्याला ते कळलं असावं, कारण त्याची मान हळूच हलली.

"माय सकाळपासून चुलीपुढं हाय," तो उठत म्हणाला. "जेवून जा. तिला काही सांगू नको, भाषणाला मी बोललो ते तिला लई गोड वाटलंय. पण यापुढं मला फोन करू नको, आंग्या. मीबी करणार न्हाई."

पंगतीत राजानंद समोरच बसला. चांगुणाबाईंनी अंगदच्या ताटात बासुंदी दोनदा वाढली. "लाजू नको बाबा, तू न्हाई तर कोण खाणार?" म्हणाल्या. राजानंदनं तृप्तीला पोरांची शाळा विचारली, हसून बोलला. अंगदकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. शेवटच्या होलला उभा असताना असायचा तसाच त्याचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचासुद्धा अंगदला हेवा वाटला.

राजानंदनं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर गावात दोन दिवस बोंब झाली असती आणि मग विषय मिटला असता. अंगद वाट बघत राहिला, पण काहीच झालं नाही.

दोन महिन्यांनी जपानमध्ये स्पर्धा होती. दुपारी दुकानात गर्दी नव्हती. अंगद मोबाईलवर आकडे बघत होता. राजानंद तिसरा होता, मग दुसरा. शेवटच्या होलला समोरच्याचा बॉल झाडीत गेला आणि राजानंद पहिला आला. अंगदनं मोबाईल काउंटरवर पालथा घातला.

तृप्ती डबा घेऊन आली होती. तिनं विचारलं, "जिंकले का?"

"जिंकला." मग जरा थांबून तो म्हणाला, "मला वाटत व्हतं हारावा. सकाळपासून देवाला तेच मागून राह्यलो."

तृप्ती डबा उघडता उघडता थांबली. "ते मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"लग्न झालं तवापासून. तुमच्यापुढं त्यांचं नाव कुणी काढलं की तुम्ही घास ताटात ठेवून देता. मला वाटायचं, आज ना उद्या सांगाल."

मग अंगदनं तिला बंगळुरूचं सगळं सांगितलं. दोनदा मोजलेलं अंतर, नऊ नंबरची काठी, मस्तगडच्या घरातलं बोलणं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माफी मागायला पाह्यजे व्हती."

"मागितली असती तर खोटी झाली असती."

"मंग खरी व्हईल तवा मागा," ती म्हणाली आणि भाजीची वाटी त्याच्यापुढं सरकवली. "अन् तोवर निदान देवाला तरी असलं काही मागू नका."

अंगदनं जेवायला सुरुवात केली. समोर हायवेवरून बीडकडं जाणारी एसटी गेली. उद्या सकाळी पेपरात फोटो येणार, तो आपण सगळ्यांत आधी उघडून बघणार, आणि बघितल्यावर पोटात नेहमीसारखीच आग पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ती आग कशाची, हे आता निदान घरात आणखी एका माणसाला ठाऊक होतं.